कानातलं नाव

धारला भास्करच्या मुलीचं नाव अमांडा ठेवलं गेलं. आता ते झालंच नाही असं धरून पुढे जाऊ. घरच्यांनीही तसंच केलं.

नाव ठेवलं आत्याने, म्हणजे माधवीने. वय बेचाळीस, लग्न झालेलं नाही, देवासच्या एका सरकारी दफ्तरात आवक-जावकच्या टेबलावर. आलेल्या कागदाला शिक्का, गेलेल्या कागदाला शिक्का. तिच्या स्वतःच्या नावाने आलेला शेवटचा कागद म्हणजे गॅसवाल्याची पावती.

बारशाच्या आठवडाभर आधी वहिनीचा, मेधाचा फोन आला. “वन्सं, हाक मारायला श्रिया ठरलंय. पण गुरुजींनी ‘अ’ अक्षर काढलं. तर ते कानातलं नाव तुम्ही ठेवा. तुमचा मान आहे.”

म्हणजे ज्या नावाने कोणी हाक मारणार नाही ते शोधायचा मान. माधवीने तो इतका मनावर घेतला की दोन दिवस अर्ध्या जिल्ह्याचं टपाल खोळंबलं. अनघा, अपर्णा, अश्विनी तिने बाजूला सारल्या. मग फोनवर अमांडा सापडली. मूळ लॅटिन. अर्थ : जिच्यावर प्रेम केलं जावं अशी. वापर : अमेरिकेत ऐंशीच्या दशकात घरोघरी, पुढे कमी कमी होत गेला, त्यामुळे तिकडच्या बऱ्याच अमांडा आता चाळिशीच्या.

माधवीने हे तीनदा वाचलं. आपल्याच वयाच्या लाखो बायका, आणि प्रत्येकीला जन्मदाखल्यावरच लिहून दिलंय! आपल्याला कोणी दिलं नाही, निदान पोरीला देऊ. घरातले तिला श्रिया म्हणोत. अमांडा म्हणून हाक मारणारी जगात आपण एकटी असू, आणि त्या हाकेला ती मान वळवेल. बस, एवढंच तिला हवं होतं.

बारशाला तिने पाळण्यावर वाकून कुर्रर्र केलं आणि नाव सांगितलं. रिवाजाप्रमाणे बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले. वर्षभरात तिला कोणी हात लावला तो हाच, म्हणून ती जरा जास्त वेळ वाकून राहिली.

“अगं ऊठ, झालं,” तिची आई, माई, म्हणाली. “काय सांगितलंस?”

“अमांडा.”

“हे काय असतं?”

“लॅटिन आहे, माई. प्रेम करण्याजोगी.”

“मग प्रेमा ठेवायचं! लॅटिनपर्यंत कशाला गेलीस? इंदूरच्या पुढे तुझं आहे कोण?”

“आणि प्रेमाला ‘अ’ कुठून आणू?”

“ताई, तू पण ना, कमाल करते,” भास्कर म्हणाला. “गुरुजी लिहितील तरी कसं?”

“राहू दे हो,” मेधा म्हणाली. “पत्रिकेतच राहणार. पत्रिका कोण वाचतंय?”

गुरुजींनी अमृता लिहिलं.

पाच महिने माधवी दर रविवारी व्हिडिओ कॉल करत राहिली. “अमांडा!” ती म्हणायची. पोरगी पंख्याकडे बघायची. मागून माई “श्रियू” म्हणाली की पोरगी पूर्ण वळायची, बोळकं उघडून हसायची. एका रविवारी माधवीने “अमांडा” म्हटलं आणि पोरगी चक्क वळली. माधवीचे डोळे भरून आले. तिकडे पोरीच्या मागे दारात दूधवाला आला होता.

“वन्सं, आता तुम्ही पण श्रियाच म्हणा ना,” मेधा हळूच म्हणाली. “तिचा गोंधळ होतो.”

“हो, बरोबर आहे,” माधवी म्हणाली आणि श्रिया म्हणाली. पोरगी लगेच वळली. तेच जास्त लागलं.

सोमवारी दफ्तरात तिने मराठीत एक अर्ज लिहिला. मराठी वाचणारं तिथे दुसरं कोणी नव्हतं. जावक क्रमांक टाकला. पण पाठवायला पत्ता नव्हता, म्हणून अर्ज टेबलाच्या डाव्या बाजूने निघून उजव्या बाजूला आला. तिने आवकचा शिक्का मारून तो उघडला.

“प्रति, सक्षम अधिकारी. विषय : विनावापर पडून असलेले नाव हस्तांतरित करणेबाबत. महोदय, अमांडा हे नाव धार येथे एका कानात एकदाच वापरले गेले असून ते अद्याप कोरे आहे. मूळ धारकास त्याची गरज नाही. तिच्यावर नावाशिवायच प्रेम सुरू आहे. तरी सदर नाव, लॅटिन अर्थासह, अर्जदारास जन्मतारखेपासून लागू समजण्यात यावे, व अर्थाची अंमलबजावणी कोणी करावयाची त्या व्यक्तीचे नाव लेखी कळवावे, ही विनंती.”