दत्तारामच्या अंगात आलं तेव्हा

दत्तारामला डायलिसिससाठी गळ्याच्या हाडाखालून नळी घातली. डॉक्टर बोलला, एक्स-रे क्लीन आहे, घरी न्या. परवा आणला त्याला घाटकोपरला, टेकडीवरच्या चाळीत.

आज पूजा होती. देवापुढे गाऱ्हाणं घालावं तर दत्तारामनेच, असा त्याचा आवाज. सकाळपासून खांदा धरून होता. बायकोने, नलिनीने, बाम चोळला.

"आई, बाबांना बसल्या बसल्या दम लागतोय," ऋतिका बोलली.

"एक्स-रे क्लीन आहे ना? शाळा सोडलीस नि डॉक्टरीण झालीस!"

दत्ताराम देवापुढे उभा राहिला. "बा देवा म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!" सगळे गरजले.

पुढचं वाक्य अर्ध्यात तुटलं. तो मटकन खाली बसला. तोंड उघडं, खांदे वरखाली, अंगाला दरदरून घाम.

"वारा इला! देव इलो अंगात!" त्याचा भाऊ बाळा ओरडला. "हात जोडा रे!"

पन्नाशीतल्या बायासुद्धा लोटांगण घालायला लागल्या. बाळाने हळद उधळली. "देवा, माझ्या सुशांतचा लगीन कधी जमात?"

दत्तारामने मान हलवली. नाही, नाही.

"नाय म्हणता! कायतरी चुकला आमचा!"

ऋतिका बापाकडे बघत होती. ओठ जांभळे पडलेले. छाती एकाच बाजूने हलत होती, दुसरी बाजू मेल्यासारखी गप्प.

"कसला देव? श्वास मिळत नाहीये त्यांना!" ती मध्ये घुसली.

बाळाने तिचं मनगट धरलं. "अंगात असताना हात लावू नको!"

ती त्याला कडकडून चावली. मग तिने खालच्या रिक्षावाल्याला हाका मारल्या, नि दोघांनी बापाला उचलून नेलं.

हॉस्पिटलात छातीत नळी टाकली, तेव्हा कुठे ओठांचा रंग परतला. डॉक्टर बोलला, "डायलिसिसची नळी टाकताना फुप्फुसाला बारीक इजा झाली असणार. छातीत हवा हळूहळू साठते, कधी दोन-तीन दिवसांनी कळतं. दम लागला की लगेच आणायचं."

"हे परवा का नाय बोललात?" ऋतिकाने विचारलं.

"परवाचा एक्स-रे क्लीनच होता," तो बोलला नि पुढच्या खाटेकडे वळला.

बाहेर नलिनीला घेऊन मागोमाग आलेला बाळा हाताला रुमाल बांधून उभा. "देव बोलत होता, हिने हाकलला. आता कोप झाला तर?" त्याने नलिनीला राहिलेली पूजा पुरी करायला घरी नेलं. जाताना तिने पोरीकडे बघितलंसुद्धा नाही.

नर्स फॉर्म घेऊन आली. "सोबत मोठं कोणी नाही का?"

"नाय. मोठे देवाची माफी मागायला गेलेत," ऋतिका बोलली. "सही कुठे करायची ते सांगा."