तक्रार नाही

“मॅडमजी, बस ‘ठीक है’ इतना लिख दो. दो बजे की गाड़ी है,” तो माणूस चौथ्यांदा म्हणाला.

घड्याळात साडेबारा वाजले होते. डॉक्टर भावना रंगारीने पेन उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं. समोर स्टुलावर सुखमत बसली होती. विटाभट्टीवरची, बिलासपूरकडची, दिवस भरत आलेली. पदर हनुवटीपर्यंत ओढलेला. मागे उभा होता तो तिचा जेठ, म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. नवरा सामान घेऊन कामठी स्टेशनवर पोचला होता. भट्टीचा हंगाम संपून सगळी टोळी गावी निघाली होती, पण पोटुशी बाईला तपासल्याशिवाय गाडीत बसवायचं नाही, असं मुकादमाने बजावलं होतं.

ब्लडप्रेशर थोडं वर होतं. पायांवर सूज होती, पण उकिडवं बसून विटा थापणाऱ्या बाईला ती असायचीच.

“सिर दुखता है?”

पदर हलला. नाही.

“आँखों के सामने अंधेरा?”

नाही.

“काई तक्रार नाही ना तिची!” कांताबाई आया कुरकुरली. “मंग काहून अडवून राहिल्या, मॅडम? गाडी सुटन ना त्याईची!”

भावना मात्र त्या पदराकडे बघत राहिली. हीच मान, असाच पदर तिने बारा वर्षांपूर्वी पाहिला होता.

तेव्हा ती एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला होती. कॉलेजची पोरं-पोरी दर रविवारी भट्ट्यांवर तपासणीला जायची. भावना गेली ती खरं तर मैत्रिणीच्या भिडेखातर. समारिन नावाच्या गरोदर बाईला तिने हेच प्रश्न विचारले. मान हलली, आणि हिने ऐटीत वहीत लिहिलं, ‘तक्रार नाही’. त्याच दुपारी समारिन गाडीत बसली. गोंदियाच्या अलीकडे तिला झटके आले, आणि टोळी गावी उतरली ती तिचं प्रेत घेऊन. पुढल्या हंगामात एका म्हातारीने भावनाला सांगितलं, “बेटी, जेठ खड़ा था ना बाजू में. उसके सामने हमारी बहू मुँह नहीं खोलती.”

एवढंसं! आणि ते कुठल्या पुस्तकात नव्हतं. भावना मग रविवारी जातच राहिली, त्या बायकांची छत्तीसगढी बोली शिकली. बरोबरीच्या मुली मोठमोठ्या दवाखान्यांत गेल्या. हिने भट्ट्यांजवळचं हे लहानसं सरकारी रुग्णालय मागून घेतलं. आई अजून कपाळाला हात लावते.

“आप बाहर जाइए,” ती जेठाला म्हणाली.

“काहे? मैं तो घर का आदमी हूँ.”

“इसीलिए जाइए.”

“गाड़ी छूटी तो आप जानो!” तो तणतणत गेला.

भावनाने दार लावून घेतलं आणि पोरीला हाक मारावी तसं तिच्याच बोलीत विचारलं, “नोनी, अब कोनो नइ हे. बता, का होवत हे?”

सुखमत पदराची कड चाळवत राहिली. एक मिनिट गेलं, दोन गेली. बाहेरून दार वाजलं. आपलं चुकलं तर नाही? अख्ख्या टोळीच्या शिव्या खाव्या लागतील. तरी भावनाने दार उघडलं नाही.

मग पदर वर गेला. आत वीस-बावीस वर्षांचं, सुजलेलं तोंड होतं.

“मुड़ फटत हे, दीदी. तीन दिन होगे. आंखी म अंधियार आथे.”

डोकं फुटतंय, तेही तीन दिवस! भावनाने प्रेशर पुन्हा मोजलं. मघाशी थोडंच वर होतं, ते आता एकशे सत्तर!

“माय वं माय!” म्हणत कांताबाई इंजेक्शन आणायला धावली.

दोनची गाडी गेली. शहरातल्या दवाखान्यात हलवायला रुग्णवाहिका मागवली होती, पण ती यायच्या आतच कळा सुरू झाल्या. प्रेशर उतरू लागलं तेव्हा भावना क्षणभर व्हरांड्यात आली. जेठ पायरीवर बसला होता. त्याचा सगळा ताव गळून गेला होता.

“बचेगी ना?”

“बचेगी. टाइम पे बोल दिया उसने.”

“बोली?” तो चपापला. “सात साल हुए ब्याह को. हमने तो उसकी आवाज ही नहीं सुनी.”

तेवढ्यात आतून सुखमत कण्हली, पण दाबून, तोंडात पदर कोंबल्यासारखी. जेठ ताडकन उठला.

“मैं यहाँ बैठूँगा, तो खुल के चिल्लाएगी नहीं बेचारी.”

त्याने चपला हातातच घेतल्या, फाटकाबाहेर गेला आणि रस्त्यापलीकडे दवाखान्याकडे पाठ करून उभा राहिला.

भावनाने आत येऊन जेठ लांब गेल्याचं सुखमतला सांगितलं. “ओमन दूरिहा चल दिन. अब चिल्ला, नोनी.”

सुखमत जिवाच्या आकांताने ओरडली. भावनाने तिचा हात घट्ट धरला. समारिनचा आवाज कसा होता, हे तिला कधीच कळलं नव्हतं.