आत्याच्या डोळ्यातला मोती

"दिसलं! दिसलं!"

बाहेर रखरखीत दुपार होती. आत सभागृहाचे सगळे पडदे ओढलेले, दिवे बंद, आणि स्टेजवर लांब वायरीला एक उघडा बल्ब लटकलेला. त्या बल्बकडे बघून दोनशे म्हातारी माणसं खुर्च्यांवरून उठून ओरडत होती.

"दिव्याभोवती काय दिसतंय?" मोतीबाबांनी माईकवरून विचारलं.

"वलय!"

"कसलं?"

"तेजाचं!"

"मला नाही दिसत," मागून एक कॉलेजची मुलगी म्हणाली.

"वय किती, बाळ?"

"एकोणीस."

"पुण्य साठायला वेळ लागतो गं." सभागृह खदखदून हसलं.

मग बाबा मुद्द्यावर आले. "परमेश्वर मोती कुठे घालतो? शिंपल्यात. आणि? पुण्यवानांच्या डोळ्यात! म्हणून तर त्याला मोतीबिंदू म्हणतात. आणि तुम्ही काय करता? डॉक्टरकडे जाता आणि मोती काढून देता. अरे, डॉक्टर त्या मोत्यांचं करतो काय, विचारलंत कधी?"

"अरे बापरे!" दोनशे तोंडं एकदम म्हणाली. दारात बाबांचे चेले 'मोतीजल' नावाच्या बाटल्या घेऊन उभेच होते. रोज दोन थेंब, मोती टवटवीत.

तिसऱ्या रांगेत माझी आत्या बसली होती. मी दुकानांच्या पाट्या रंगवतो. मला वाढवलं आत्यानं, शिलाई मशीन चालवून. अख्ख्या गल्लीचे झगे आणि विजारी तिच्या हातच्या. आता तिच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकला होता. पुढच्या सोमवारी ऑपरेशन ठरलं होतं. त्या संध्याकाळी घरी येऊन तिनं पिशवी टेबलावर आपटली.

"मी काही जायची नाही सोमवारी."

"आत्या, डोळा जाईल!"

"जन्मभर कानात मोती घालायला मिळाला नाही. आता देवानं डोळ्यात घातलाय, तो काढू? गाढवा!"

मला हसू आलं आणि त्या बाबाचा गळा धरावासाही वाटला.

आमचं एक मंडळ आहे, 'विचार करा मंडळ'. सभासद चार: चष्मेवाला, नर्सताई, निवृत्त गणिताच्या बाई आणि मी. दर शनिवारी चष्मेवाल्याच्या दुकानात बसतो. बाहेर मी रंगवलेली पाटी आहे. पहिलं वर्ष आम्ही मंडळाच्या नावावर भांडलो, दुसरं बिस्किटं कुणी आणायची यावर. त्या शनिवारी मात्र नर्सताई आल्या त्या पेटलेल्याच.

"अठरा जणांनी ऑपरेशन रद्द केलंय. अठरा! दिव्याभोवती वलय दिसतं ते मोतीबिंदूमुळेच. भिंग गढूळ झालं की उजेड आत पसरतो. पिकून पिकून डोळा गेला की हा बाबा येणार आहे का यांना हात धरून रस्ता ओलांडून द्यायला?"

"सोपं आहे," चष्मेवाला म्हणाला. "साध्या काचांचे चष्मे घेऊ, वर व्हॅसलिन चोपडू. घालेल त्याला वलय दिसेल. सिद्ध झालं! बाबा खलास!"

गणिताच्या बाईंनी टाळी वाजवली. आम्ही रविवारी बाबांच्या पुढच्या सभेला ट्रेभर चष्मे घेऊन सभागृहात शिरलो.

"हे घाला आणि बघा!" चष्मेवाला ओरडला. कॉलेजच्या त्या मुलीनं पहिला चष्मा ओढला.

"अय्या! दिसलं! मलाही दिसलं!"

आणि आमची पार फजिती झाली. ज्यांना वलय दिसत नव्हतं अशी ऐंशी माणसं ट्रेवर तुटून पडली. "मलाही! मलाही!" एक आजोबा चष्मेवाल्याच्या गळ्यात पडून रडायला लागले. "केवढं पुण्य तुमचं, चष्म्यात कृपा भरून आणलीत!"

"अहो, व्हॅसलिन आहे ते!"

"कंपनी कुठली?"

बाबा पक्के मुरलेले. हात वर करून म्हणाले, "बघा! विरोधकांच्या हातूनही माझंच काम होतं!" टाळ्यांचा कडकडाट झाला. गणिताच्या बाई कपाळाला हात लावून खाली बसल्या.

मी मात्र भडकलो. बाकावर चढलो. "बाबा, एवढा मोती कामाचा आहे ना? मग माझी आत्या सुईत दोरा ओवून दाखवेल का? सहा महिने शेजारणीकडून ओवून घेते!"

"ओवतील!" बाबा म्हणाले. "मोती वाट दाखवेल. या, माताजी." चेल्यानं सुई आणून दिली. कसली सुई? पोती शिवायचा दाभण तो! त्याच्या भोकातून बोट जाईल.

आत्या स्टेजवर गेली. दाभण हातात धरून तिनं तुच्छतेनं बघितलं. पण सुई हातात आली की शिंपीण ती शिंपीणच. दोरा दातानं तोडला, टोक ओलं केलं, दाभण बल्बसमोर धरला आणि चाळीस वर्षांच्या सवयीनं उजवा डोळा मिटला.

हात तिथेच थांबला.

"अगं बाई! गेलं!"

"काय गेलं, माताजी?"

"वलय." तिनं डोळा उघडला. "आलं." मिटला. "गेलं." डावा मिटून उजवा उघडला. "अगं, हे तर दुप्पट आलं!" मग बाबांकडे वळली. "काय हो, तुमची कृपा माझ्या एकाच डोळ्यावर? डाव्यानं काय पाप केलंय? दोघांनी मिळूनच शिवण केलं ना?"

"माताजी, श्रद्धेनं बघा..."

"डोळ्यानंच बघतेय!" तिनं माईक हिसकावला. "ए, सगळ्यांनी एकेक डोळा झाका रे! आधी हा, मग तो!"

दोनशे माणसं एकमेकांना डोळे मारायला लागली. "गेलं!" "आलं!" "माझं डावीकडेच आहे!" "माझं दोन्हीकडे!"

"दोन्हीकडे असेल त्यांनी दोनदा ऑपरेशन करून घ्या!" नर्सताई ओरडल्या. गणिताच्या बाईंनी पडदे उघडले. उन्हात बल्ब केविलवाणा दिसायला लागला. बाबा मागच्या दारानं निसटले, मोतीजल मात्र मागेच राहिलं. बाटल्यांत नळाचं पाणी होतं.

सोमवारी आत्या ऑपरेशनला गेली. आत जाताना डॉक्टरांना दटावून गेली, "मोती निघाला तर मला दाखवा हं."

आठवड्यानं मी तिला काळा चष्मा लावून मंडळात घेऊन आलो. दाराशी ती थबकली, चष्मा वर केला आणि पाटी वाचली.

"विचर करा मंडळ. अरे मेल्या, काना कुठाय?"

तीन वर्षं! चार विचारी माणसं दर शनिवारी त्या पाटीखालून गेली, आणि एकालाही दिसलं नाही. रंगवली तर मीच होती.

मी शिडी लावली आणि काना दिला. तुम्हाला एवढंच सांगतो, कुणी वलय दाखवलं, पाणी दिलं, गोड शब्दानं भुलवलं तर मान डोलवायच्या आधी एक डोळा झाका, मग दुसरा. आणि आमच्यासारखे स्वतःला शहाणे समजत असाल, तर आधी आपली पाटी वाचून घ्या.