पांढरा रुमाल आणि हरिबाचा अंगठा

मी एक जुना रुमाल आहे. मित्रांनो, रुमाल म्हटल्यावर तुम्ही खिशात हात घालाल, पण मी त्यातला नव्हे. मी दोन हात लांब, दोन हात रुंद, जाडाभरडा मांजरपाट. कचेरीतले जुने कागद माझ्यासारख्यांत बांधून फळीवर ठेवतात आणि त्या गाठोड्यालाही रुमालच म्हणतात. माझी गोष्ट मी मान खाली घालून सांगणार आहे, म्हणून कचेरीचं नाव तेवढं विचारू नका. सांगली जिल्ह्याच्या पूर्वेची, उण्या पावसाच्या मुलखातली ती एक कचेरी, एवढं पुरे.

विट्याच्या एका मागावर माझा जन्म झाला. एकसष्ट सालच्या थंडीत मी कचेरीत आलो. तिथं माझ्या भावंडांना रंग मिळाले. लाल रुमालात कायम जपायचे कागद बांधत. हिरव्यात पुष्कळ वर्षं ठेवायचे, पिवळ्यात थोडी वर्षं. मला मात्र रंगच मिळाला नाही. पांढऱ्या रुमालातले कागद वर्षभर ठेवायचे आणि मग जाळून टाकायचे. कागद जळत, आम्ही उरत असू. आमच्या नशिबी झटकून, घडी घालून पुन्हा फळी.

त्या खोलीचे धनी होते रेकॉर्डकीपर नानासो. साताऱ्याच्या थोरल्या दप्तरात हिंदुराव नावाच्या म्हाताऱ्या रेकॉर्डकीपरांच्या हाताखाली ते शिकले होते. हिंदुरावांची शिकवण फार नव्हती. गाठ कापायची नाही, सोडायची. पांढरा रुमाल जाळायला काढलास तर आधी उघडायचा आणि शेवटच्या कागदापर्यंत वाचायचा. नानासो ही शिकवण देवाच्या नेमासारखी पाळत. दर थंडीत आम्हांला अंगणात उन्हाला घालत, घडीघडीत कडुलिंबाचा पाला ठेवत. तान्ह्या लेकराला न्हाऊमाखू घालावं तसे त्यांचे हात आमच्यावरून फिरत.

चौसष्ट साली उंदरांनी एक लाल रुमाल कुरतडला. नवा लाल रुमाल शिल्लक नव्हता. नानासोंनी सांगलीला मागणी धाडली आणि तोवर ते कागद माझ्यात बांधायला घेतले. बांधता बांधता एक कागद त्यांनी उजेडात धरून शेवटपर्यंत वाचला.

"बिराप्पा, हिकडं ये. हे बघ."

बिराप्पा म्हणजे कचेरीचा शिपाई. तो वाकून बघू लागला. ती एका विहिरीबद्दलची जबानी होती. हरिबा नावाच्या माणसानं आपल्या रानात आपल्या हातानं विहीर खणली, असं गावच्या पंचांसमोर लिहून दिलेलं. खाली हरिबाचा डावा अंगठा होता, आणि अंगठ्याच्या मधोमध एक तिरपा वण.

"आवं नानासो, अंगठा हाय का नांगरल्यालं रान?" बिराप्पा म्हणाला, आणि दोघं हसले.

नानासोंनी एक चिठ्ठी लिहिली, 'कायमचे कागद. लाल रुमाल आल्यावर बदलणे.' ती माझ्यावर बाहेरून शिवायची, पण आठ दिवसांचंच तर काम म्हणून त्यांनी ती गाठीखाली आत सरकवली. यादीत पेन्सिलीनं तेवढी खूण केली. आणि मी? मी फुलून गेलो होतो. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या पोटात कायमचं काही आलं होतं.

लाल रुमाल आले ते सात महिन्यांनी. तोवर नानासो विसरले होते.

पुढच्या मार्चात वरून तपासणी येणार म्हणून धांदल उडाली. नानासो म्हणाले, "पांढरे तेवढे काढ. जाळायच्या खड्ड्यावर घे."

"आवं, सोडून वाचायचं न्हवं?" बिराप्पानं विचारलं.

"पांढराच हाय की रं. पांढऱ्यात काय वाचायचं? आवर."

माझी गाठ सुटली. मला खड्ड्यावर उलटं केलं. गाठीखालची चिठ्ठी भिरभिरत गेली, ती आगीतच. तिच्यामागून हरिबाचा अंगठा गेला. मित्रांनो, मी साधा करपलोसुद्धा नाही. मला झटकलं, मोजलं आणि घडी घातली.

दोन महिन्यांनी एक बाई कचेरीत आली. पन्नाशीची, अनवाणी, पदरात अर्ज गुंडाळलेला. "भाऊसाब, मी तानुबाई. हरिबाची लेक. माझ्या बापाचा अंगठा हाय तुमच्याकडं. त्याची नक्कल पायजे."

तिच्या घरानं बुद्धाचा धम्म घेतला होता. तेव्हापासून गावातले काही जण म्हणू लागले होते, ती विहीर तुमची कधीच नव्हती. आता मामलेदारांपुढं सुनावणी होती. कागद मिळाला तर विहीर तानुबाईची. नाहीतर तिनं बापाच्या विहिरीवर पाय ठेवायचा नाही.

नानासोंनी चार दिवस खोली पालथी घातली. पाचव्या दिवशी त्यांना यादीतली आपल्याच हातची पेन्सिलीची खूण दिसली, 'तात्पुरता पांढऱ्यात.' ते खाली बसले. मग यादी मिटली आणि तानुबाईच्या अर्जावर लिहिलं, 'कागद आढळ होत नाही.' कचेरीत या शब्दांनी कुणाचंच काही बिघडत नाही. कागद हरवला असं होत नाही, जाळला असं होत नाही. नुसता तो आढळत नाही.

जिल्ह्याचे रेकॉर्डकीपर सांगलीत जमले, तेव्हा नानासोंनी हळूच ही गोष्ट काढली. बाकीचे म्हणाले, "सुटलास की गड्या! एवढ्यावर कोण नोकरी घालवतंय?" साताऱ्याहून पाहुणे म्हणून आलेले हिंदुराव मात्र हसले नाहीत. म्हणाले, "कागद आढळ होत न्हाई, का तू आढळ होत न्हाईस? आरं, जळाला म्हणून लिहून दे. मग त्यात काय हुतं ते तुला शपथेवर सांगता येतंय. तू वाचलायस न्हवं?"

नानासो परत आले. त्यांनी मला फळीवरून काढून टेबल पुसायला घेतलं. बहुधा फळीवर मी त्यांच्या नजरेला सोसत नसेन.

सुनावणीच्या आदल्या दिवशी तानुबाई तिसऱ्यांदा आली आणि ओसरीला टेकली. तिनं काही मागितलं नाही. ऊन कलेपर्यंत बसून राहिली आणि आपल्याशीच गुणगुणू लागली.

बापानं खणली हीर, पहार बसली अंगठ्याला
रगात आधी सांडलं, मग पाझर खडकाला

आत नानासोंचा हात थांबला. त्यांनी मला मुठीत असं आवळलं, की माझा धागा न् धागा दुखला. मग ते बाहेर गेले. मी तसाच त्यांच्या मुठीत.

"तानुबाई, पहार डाव्या अंगठ्याला लागली हुती?"

"व्हय. तिरपी. तुमाला कुणी सांगितलं?"

"मी बघितलाय तो अंगठा." नानासोंनी मला पुढं धरलं. "ह्या फडक्यात बांधला हुता. मीच बांधला आन् न वाचता मीच जाळला."

तानुबाई किती तरी वेळ माझ्याकडं बघत राहिली. मित्रांनो, त्या वेळी मला चिरगुट होऊन वाऱ्यावर उडून जावंसं वाटलं. मग ती म्हणाली, "मला वाटलं, बापानं अंगठा दिलाच नसंल. गाव म्हणतंय तेच खरं आसंल. तीन महिनं मी माझ्या बापाला खोटं मानलं, भाऊसाब." एवढंच. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मामलेदारांपुढं नानासोंनी सगळं सांगितलं. विरुद्ध बाजूचे हसले, "आपलीच चूक सांगत सुटलाय हा!" मामलेदारांनी विचारलं, "ठपका येईल, ठाऊक आहे?" "व्हय साहेब," नानासो म्हणाले, आणि कागदातली ओळ न् ओळ, पंचांची नावं आणि तो तिरपा वण त्यांनी लिहून दिला.

विहीर तानुबाईच्या नावावर राहिली. नानासोंवर ठपका आला आणि त्यांना आवक-जावकच्या टेबलावर बसवलं. ते अजूनही दप्तराच्या खोलीवरून जाताना मान वळवतात.

त्यांची ती जबानी मात्र कायम जपायच्या कागदांत गेली. नानासोंची चूक आता लाल रुमालात बांधलेली आहे, वर चिठ्ठी शिवून. ती कुणी जाळणार नाही. मी खालच्या फळीवर असतो, पुन्हा पांढराच. थंडीत मला उन्हाला घालतात, पण त्या खड्ड्यातल्या आगीची काजळी माझ्यावरून निघत नाही. डोळ्यांना दिसतच नाही, तर निघणार कशी?

म्हणून सांगतो, मित्रांनो. जाळण्याआधी, फेकण्याआधी गाठ सोडा. वरचा रंग बघून आत काय आहे ते ठरवू नका. शेवटच्या कागदापर्यंत वाचा. तिथं कुणाचा तरी बाप अंगठा देऊन बसलेला असतो.