मतदानाच्या दिवशीची किल्ली

मतदानाच्या दिवशी आमच्या लाँड्रीला आतून कुलूप असतं आणि किल्ली माझ्या एप्रनच्या खिशात. माझा नवरा आणि माझा धाकटा भाऊ एकाच टेबलाच्या दोन टोकांना इस्त्री करतात आणि दोन वेगळ्या पक्षांसाठी भांडतात. लग्नानंतरच्या पहिल्याच निवडणुकीत दोघं हमरीतुमरीवर आले, तापलेली इस्त्री फरशीवर आपटली, तेव्हा मीच तोडगा काढला. तुम्ही एकमेकांची मतं खोडणारच आहात, तर दोघांनीही जाऊ नका. दार बंद, काम चालू. मीही जात नसे. एकाच्या बाजूने मत दिलं तरी रात्री वाढायचं दोघांनाही होतं. असलं शहाणपण बरं बायकांच्याच वाट्याला येतं.

या खेपेला प्रश्न एकच होता. समुद्रापलीकडच्या लढाईतून आपलं सैन्य परत आणायचं की नाही? आणि त्या सैन्यात आमचा एकुलता एक लेक होता. बरेच दिवस त्याचा फोन नव्हता.

सकाळी कुलूप लावताना भाऊ म्हणाला, "ताई, आज किल्ली दे. मामा आहे मी त्याचा."

"आणि मी कोण, शेजारी?" हे टेबलाच्या त्या टोकाकडून गरजले. "तू गेलास तर मीही जाणार. अर्ध्यावर पाठ दाखवायची, मग आजवर गेलेली पोरं कशासाठी गेली?"

"गेलेल्यांचं सोडा, भावजी. जो राहिलाय त्याला तरी आणा."

"तोंड सांभाळ!"

"बरं, मग ताईला जाऊ द्या. ती तर कुठल्याच पक्षाची नाही."

यांनी माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता त्या नजरेत, राग असता तर बरं झालं असतं. "जा," म्हणाले. "पण मग तुम्ही बहीणभाऊ एकीकडे आणि मी एकटा, एवढं समजून चालेन."

मी गेले नाही. किल्ली खिशात टाकली आणि मागच्या खोलीत धुवायला बसले. माझ्या लेकराचा प्रश्न आणि मीच तेवढी गप्प. दोघांचीही टाळकी एकमेकांवर आपटावीशी वाटत होती.

आदल्या संध्याकाळी सैन्याच्या गोदामातून गाठोडी आली होती. तिकडून आलेले कपडे आम्ही धुऊन परत देतो. फाटके, कापलेलेसुद्धा, कारण त्यांची फडकी करतात. डागांचं काम माझं. रक्ताला गार पाणी आणि मीठ, गरम पाण्यात ते कायमचं बसतं. हात आपोआप चालतात. कपडा उचलायचा, बुडवायचा, चोळायचा. कुणाचा आहे याचा विचार करायचा नाही, नाहीतर हे काम होत नाही.

एक सदरा पुढून कात्रीने उभा कापलेला होता. डाग वाळून कडक झालेला. मी तो भिजवला, मीठ लावलं, पाणी बदललं, पुन्हा चोळला. डाग सुटला तसं मला बरंसुद्धा वाटलं. मग कॉलर घासायला उलटी केली आणि अंगठ्याखाली गाठ लागली.

निळ्या दोऱ्याची फुली, वर दुहेरी गाठ. आम्ही गिऱ्हाइकांच्या कपड्यांवर खुणा घालतो, पण दुहेरी गाठ मी एकाच माणसासाठी घालते, तो शाळेत जायचा तेव्हापासून.

कुठे लागलं होतं? छातीला की दंडाला? किती गेलं होतं? रक्त त्याचंच होतं, की त्याने खांद्यावर उचलून आणलेल्या कुणाचं? सांगणारी एकच गोष्ट माझ्याकडे आली होती आणि ती मी माझ्याच हातांनी मोरीत सोडून दिली होती.

मी ओरडले असणार, कारण दोघं धावत आले. यांनी सदरा हातात घेतला, गाठ पाहिली आणि मटकन खाली बसले.

"अजून काय बघायचंय तुम्हाला, भावजी?" भाऊ रडत म्हणाला.

"आता तर नाहीच," हे म्हणाले. आवाज कुणा दुसऱ्याचाच होता. "आता परत फिरलो तर हे रक्त कशासाठी सांडलं? सांग ना!"

"म्हणजे आणखी पोरांचं सांडा!"

भावाने सदरा ओढला, यांनी सोडला नाही. ओलं कापड दोघांमध्ये ताणलं गेलं आणि शिवण उसवल्याचा आवाज आला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी पुढे आले, दार उघडलं, बाहेर पडले आणि बाहेरून कुलूप लावलं. दुसरं दार आमच्या दुकानाला नाही. यांनी काचेवर थापा मारल्या, मी मागे वळून पाहिलं नाही.

शाळेत रांग होती. आडोशामागे गेले आणि शिक्का मारला. परत आणा. परत आणा, परत आणा, मी मनात म्हणत होते. बोटाला शाई लावणाऱ्या माणसाने विचारलं, "हात एवढे गार कसे?"

परत येताना आमच्या गल्लीच्या तोंडाशी पाय थबकले. दुकानापुढे सैन्याची गाडी उभी होती. दोन अधिकारी टोप्या काखेत धरून दाराशी उभे होते. आतून हे कडी हिसडत होते, तोंडाने काहीतरी विचारत होते. अधिकारी नुसती मान हलवत होते. काचेतून ओरडून सांगण्यासारखं ते नसावं.

भावाने मला पाहिलं. लवकर ये, लवकर ये, म्हणून हात करू लागला.

मी समोरच्या फुटपाथपर्यंत गेले. पुढे जाववेना. जोवर दार बंद होतं तोवर माझ्या मताला काहीतरी अर्थ होता. त्यातला वयस्कर अधिकारी रस्ता ओलांडून माझ्याकडे आला. अदबीने, हळू आवाजात त्याने विचारलं, "बाई, या दुकानाची किल्ली कुणाकडे असते, माहीत आहे का?"

मी मूठ पाठीमागे नेली.

"नाही," मी म्हणाले.