भंडाऱ्याचा घास

मित्रांनो, मी एक जुना कोटंबा आहे. आधीच सांगतो, मला वाटी म्हणू नका आणि कटोरा तर मुळीच म्हणू नका. माझं डोकं फिरतं. मी खंडोबाच्या वाघ्याचं चौकोनी लाकडी भांडं आहे. निपाणीच्या भरमू सुतारानं मला सागवानाच्या एका तुकड्यातून कोरलं आणि जोतिबा वाघ्याच्या हाती दिलं. दर रविवारी तो मला घेऊन पाच घरी पीठ मागायचा. "वारी द्या, मल्हारीची वारी!" देवाच्या नावानं मागतात ती वारी, भीक नव्हे; म्हणून बायका आधी मला नमस्कार करायच्या आणि मगच मूठ सोडायच्या. काय तो मान होता माझा!

चंपाषष्ठीला आम्ही मंगसुळीच्या खंडोबाला जायचो. तिथं मला जमिनीवर ठेवून दूध-भाकरी कुस्करायचे आणि वाघे भुंकत भुंकत तोंडानं खायचे, कारण वाघ्या म्हणजे देवाचं कुत्रं. एका वर्षी त्या गर्दीत एक हडकुळं पिल्लू घुसलं आणि त्यानं सरळ माझ्यात तोंड घातलं. लोक "हाड हाड" करू लागले. जोतिबा म्हणाला, "मारू नगासा! आमी सोंगाची कुत्री, ह्यो खरा हाय. पयला मान त्येचा." पिवळसर अंगाचं ते पिल्लू आमच्याबरोबर निपाणीला आलं. त्याचं नाव पडलं भंडाऱ्या.

पुढं जोतिबा तापानं गेला. त्याची बायको राजाबाई तंबाखूच्या वखारीत कामाला जायची. मूलबाळ नव्हतं. भंडाऱ्या दिवसभर वखारीच्या दारात बसायचा आणि संध्याकाळी तिच्यापुढं चालत घरी यायचा. मी देव्हाऱ्यात असायचो. तेवढे काही वाईट दिवस नव्हते ते.

मग ते मोठं युद्ध आलं. धान्य रेशनवर गेलं, माणशी मापून मिळू लागलं. कुत्र्याला कोण देणार? त्यातच राजाबाईला खोकला जडला आणि वखारीतलं काम सुटलं. एके सकाळी तिनं भंडाऱ्याच्या गळ्यात दोरी बांधली. चिकोडीकडं निघालेल्या एका गाडीवानाला तो देऊन टाकायचा, असं तिनं ठरवलं होतं. शेजारच्या अक्काताईनं ते पाहिलं.

"कुठं गं न्हेतीयास त्येला?"

"पोटाला घालाय काय न्हाय, आक्का. माज्या डोळ्यांदेखत मरंल त्यो."

"आमी देतो की भाकरी."

"मला भीक नगो," राजाबाई ताडकन म्हणाली.

अक्काताई भारी हुशार बाई. ती तडक आत आली आणि तिनं देव्हाऱ्यातून मला उचललं. "तुला कोण देतंय गं? देवाच्या कुत्र्याची वारी मागणार हाय मी. त्येला न्हाय म्हणशील व्हय?"

देवाचं नाव निघताच राजाबाईनं मला हात जोडले. तिनं दोरी सोडली.

त्या रविवारपासून अक्काताई मला घेऊन गल्लीत फिरू लागली. लोकांच्याच डब्यांत खडखडाट होता, तरी कुणी चिमूट, कुणी मूठ सोडली. मला पुन्हा मान मिळू लागला आणि मी खूश! पीठ राजाबाईच्या हाती देऊन अक्काताई दारातूनच परत जायची. आपण थांबलो तर राजाबाई अवघडेल, असं तिला वाटे. साऱ्या गल्लीचा समज असा, की त्या पिठावर कुत्रं जगेल आणि बाईच्याही पोटात चार घास जातील.

पण मी घरात होतो ना! राजाबाई त्या पिठाची भाकरी करायची, माझ्यात कुस्करायची आणि सगळीच्या सगळी भंडाऱ्यापुढं ठेवायची. बोटांना लागलेलं पीठसुद्धा ती त्यातच झटकायची. देवाच्या कुत्र्यासाठी मागितलेलं आपण कसं खायचं? रेशन आणायला हाती पैसा नव्हता. ती पाणी पिऊन निजायची. भंडाऱ्या मध्येच थांबून तिच्याकडं बघायचा, तर म्हणायची, "खा रं लेकरा, माजं झालंय." खोटं बोलत होती हो! मला ओरडावंसं वाटायचं, पण लाकडाला कुठली जीभ?

एका रविवारी अक्काताई मला न्यायला आली, तर राजाबाई उठलीच नाही. तिच्या पायाशी भंडाऱ्या बसला होता, अंगानं चांगला भरलेला. अक्काताईनं एकेक मडकं उघडून पाहिलं. सगळी कोरडी. मग तिला सारं कळलं. मला छातीशी धरून तिनं हंबरडा फोडला, "अगं, तुज्यासाठीबी हुतं की गं ते!"

आता भंडाऱ्या आणि मी अक्काताईकडं असतो. कुणाच्या मांजरासाठी, कुणाच्या म्हाताऱ्या शेळीसाठी ती अजून वारी मागते. पण दारातून परत फिरत नाही. चुलीपाशी बसते आणि म्हणते, "आदी तू खा. माज्यासमोर खा."

मित्रांनो, अडलेल्याच्या मुक्या जनावराला जरूर घास द्या. पण घरात जा, चूल पेटलीय का बघा, आणि 'यात तुझाही वाटा आहे' असं तोंडानं सांगा. आमच्या गल्लीनं दिलेलं पीठ दोघांना पुरलं असतं. तेवढं सांगायचं राहिलं, आणि राजाबाई उपाशी गेली.