बंधाऱ्यावरची जांभळी

बंधाऱ्यावर झाड ठेवायचं नसतं, हे साळुबाईला काय नव्यानं सांगायला हवं होतं? लग्न होऊन पिंपरी पेंढारला आली तेव्हा सासऱ्यानं तिला पहिलं काम दिलं ते हेच. बंधाऱ्यावर फिरायचं आणि रोप दिसलं की मुळासकट उपटायचं. मोठं होऊ दिलं की मुळ्या मातीत वाटा करतात, आणि त्या वाटेनं पाणी शिरतं.

बंधारा सरकारी नव्हता बरं का. एका पावसात ओढ्यानं खालच्या वस्तीतली तीन घरं ओढून नेली, तेव्हा हा सासरा पेटून उठला. स्वतःच्या रानात, स्वतःच्या बैलांनी माती ओढून त्यानं ओढा अडवला. पुराचं पाणी वर थोपवायचं आणि तळाच्या मोरीतून हळूहळू खाली सोडायचं, एवढंच त्या बंधाऱ्याचं काम. तेव्हापासून वस्तीत पाणी म्हणून घुसलं नव्हतं.

आणि त्याच बंधाऱ्यावर, मधोमध, साळुबाईनं जांभळी लावली होती.

तिचा एकुलता एक ऋषी अवसरीला इंजिनिअरिंग शिकत होता. तिसऱ्या वर्षाला असताना हायवेवर ट्रकनं उडवला. राख नदीत सोडण्यापेक्षा आपल्याच रानात खड्ड्यात घालून वर झाड लावायचं, अशी रीत आता भागात पडली आहे. साळुबाई म्हणाली, बंधाऱ्यावर लावू, पोरगं तिथंच अभ्यासाला बसायचं. तिच्या नवऱ्यानं, गेणूनं, बोलायला तोंड उघडलं, तिच्याकडं पाहिलं आणि मिटलं. ज्याचं घर बंधाऱ्याच्या अगदी खाली, तो भागुजीसुद्धा ब्र काढू शकला नाही. अहो, त्या आईपुढं कुणाची जीभ उचलणार होती? सुट्टीत घरी आला की रोपं उपटायला आधी ऋषीच धावायचा. "आई, एकबी ठेवू नको," म्हणायचा. पण ते सांगायला तोच राहिला नव्हता.

आठ वर्षं झाली. झाडाभोवती तिनं दगडांचं आळं केलं. दहा पावलं अलीकडं चपला काढायच्या. त्या मातीला तिनं कुणाचा पाय लागू दिला नाही.

यंदा आषाढात चार दिवस झड लागली आणि बंधारा काठोकाठ भरला. पाचव्या दिवशी सकाळी साळुबाई झाडाशी गेली आणि सवयीनं खाली पायथ्याला पाहिलं. तिथं थोडं पाणी कायमच झिरपायचं. सासरा सांगायचा, झिरपा निवळ असेल तर भ्यायचं नाही, गढूळ झाला की आतून माती चालली म्हणून समजायचं. आज पाणी चहासारखं लाल होतं. बरोबर जांभळीच्या खाली.

आणि या बाईनं काय केलं? घरी आली आणि भाकरी थापायला बसली.

"काय म्हनतोय बंधारा?" गेणूनं विचारलं.

"भरलाय."

"आन झिरपा?"

"हाय की न्हेमीसारखा."

राग येतो ना? यायलाच हवा. पण खरं सांगितलं असतं तर झाड गेलं असतं, आणि झाडाबरोबर पोरगं दुसऱ्यांदा गेलं असतं. तिला दुसरं काही सुचतच नव्हतं.

दुपारी भागुजीची बायको शकुबाई आली. तिची लेक वैष्णवी बाळंतपणाला आली होती, लेकरू अकरा दिवसांचं. बाळाला शेकायला गोवऱ्या हव्या होत्या, घरच्या भिजल्या होत्या.

"लोक म्हनत्यात, शाळंत जाऊन निजा," शकुबाई गोवऱ्या पाटीत भरत म्हणाली. "मी म्हनलं, कशाला? वर साळुआक्का हाय, ती रोज बघती. काय असतं तर तिनं सांगितलं नसतं व्हय?"

साळुबाईच्या हातातली गोवरी खाली पडली.

"शकुबाई, पाटी ठेव. लेकराला उचल आन शाळंत जा. समद्यांना घेऊन जा. आत्ताच्या आत्ता!"

मग तिनं गेणूला सांगितलं. तो ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

"कवापासनं?" त्यानं विचारलं.

"सकाळपासनं."

तो उठला. कुदळ घेऊन पावसात निघाला.

वस्ती शाळेत गेली. गेणू आणि भागुजीनं मोरी पूर्ण उघडली, जादा पाणी जायचा कडेचा सांडवा खणून रुंद केला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पाणी निम्म्यावर उतरलं आणि झिरपा थांबला. नशीब, दुसरं काय!

पाऊसही उघडला होता. भागुजी कुऱ्हाड घेऊन झाडाशी उभा राहिला, पण हात धजेना.

"वहिनी, तुमी घरी जावा."

"न्हाई जायची. घाला घाव."

झाड पडलं. मग मुळ्या खणल्या. एक मुळी थेट पायथ्याकडं गेली होती आणि तिच्या कडेनं भोक पडलं होतं. गेणूनं त्यात हात घातला, तो खांद्यापर्यंत आत गेला. "माझ्या बापानं बांधलं, आन मी डोळ्यांनी बघत ऱ्हायलो," म्हणाला आणि ढसाढसा रडला.

खड्डा आजच बुजवायला हवा होता, आभाळ पुन्हा भरून आलं होतं. ओल्या बंधाऱ्यावर जेसीबी चढवला असता तर बंधाराच बसला असता. तेव्हा उकरलेली मातीच परत घालायची, थरावर थर, आणि पायानं तुडवून घट्ट करायची. पहिला थर पडला. भागुजी, शकुबाई, गेणू, सगळे चपला काढून काठावर उभे राहिले. आत कुणी उतरेना. त्या मातीत ऋषीची राख होती.

साळुबाईनं पदर खोचला. खाली वाकली, मातीला हात लावून कपाळाला लावला, चुकून कुणाला पाय लागल्यावर लावतात तसा. आणि उतरली.

"चूक माझी हाय, बाळा," म्हणाली आणि टाच रोवून तुडवायला लागली. मग बाकीचे उतरले. अंधार पडेपर्यंत कुणी थांबलं नाही.

बंधारा टिकला. वैष्णवी लेकराला घेऊन सासरी गेली.

दिवाळीत तिथं एक कोंब फुटला. मातीत मुळीचा तुकडा राहिला असावा. बोटाएवढा कोंब, दोन तांबूस पानं. साळुबाई त्याच्याजवळ बसली, पानांवरून हात फिरवला, दुपार टळेपर्यंत बसून राहिली.

मग तिनं तो मुळासकट उपटला.